माझ्या जाळीतली हळद

मित्रांनो, मी एक जुना ऑइल कूलर आहे. नाव भारदस्त असलं तरी काम अगदी साधं. आजोबा चहा बशीत ओतून फुंकर मारतात ना, तसंच. यंत्राचं तापलेलं तेल माझ्या बारीक नळ्यांतून फिरतं, पाठीमागचा पंखा माझ्या जाळीतून वारा ओढतो आणि तेल निवून परत आपल्या कामाला जातं. यापलीकडे मला काही येत नाही, आणि एवढंसुद्धा मी एकदा धड केलं नाही.

आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आपला मोठेपणा सांगतो. मलाही थोडा सांगायचा आहे, तो आधी उरकून घेतो. पुढचं सांगताना माझी मान खालीच राहणार आहे.

माझी उमेदीची वर्षं कशेडी घाटात गेली. रस्ता दाबणाऱ्या एका रोलरवर मी होतो. मागे ट्रकची रांग, पुढे खडी आणि वरून ऊन, असे दिवस. एका पावसाळ्यात दरडीचा मोठा धोंडा रोलरवर आला आणि त्याचा कारभार आटोपला. मी मात्र जेमतेम एका कोपऱ्यात चेपलो. बिरवाडीच्या भंगारवाल्याकडे मी दोन वर्षं पडून होतो. माझ्या शेजारी एक फुटका कमोड होता, आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याची चौकशी करायचं. अशाने कुणाचाही ताठा उतरेल, माझाही उतरला होता.

तिथून मला उचललं सुनील मेस्त्रीने. पोलादपूरच्या डोंगरात पांगारवाडी नावाची एक वाडी आहे. तिथली गावकी आणि मुंबईला नोकरीला असलेली माणसं यांनी मिळून वाडीसाठी एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याच्या तोंडाला माती उचलायची बकेट बसवून घेतली होती. डांबरी सडकेपासून वाडीपर्यंतची वाट दर पावसाळ्यात दरडीने बुजते, ती मोकळी करायला. पण ट्रॅक्टर पडला लहान. नांगर अधूनमधून उचलावा एवढंच त्याच्या हायड्रॉलिकच्या तेलाला ठाऊक. दिवसभर बकेट वरखाली करायला लागल्यावर ते तेल तासाभरात उकळायच्या बेताला यायचं. मग टाकीवर ओली गोणपाटं टाकून सगळी मंडळी जांभळाखाली बसून राहायची. काम थोडं आणि बसणं फार, अशी गत होती.

ट्रॅक्टर चालवायची रूपाली. वाडीतले बहुतेक कर्ते पुरुष मुंबईत. रूपालीचा नवराही तिकडेच. ती शिवथरकडची, माहेरी बापाचा पॉवर टिलर लहानपणापासून हाताळलेली. तिच्या सासऱ्याने, कुशाबांनीच, गावकीत उभं राहून सांगितलं होतं, "माजी सून चालवील. चालवून बगा, मग बोला." वाडीने बघितलं आणि गप्प बसली. चार महिन्यांत पोरंटोरं तिला डायवर काकी म्हणायला लागली, आणि कुशाबा ते ऐकून उगीचच मिशीवरून हात फिरवायचे.

सुनीलने मला सीटच्या मागे, डाव्या मडगार्डवर पट्ट्यांनी आवळून बसवलं. जुन्या मोटारीचा एक पंखा मला जोडला, त्याचं बटण रूपालीच्या हाताशी दिलं. मग तिला म्हणाला, "वहिनी, तेल तापलं की पातळ होतं. पातळ तेलात जोर ऱ्हात नाय, बकेट आपोआप खाली येते. म्हणून हा. पण ह्याला रोज संध्याकाळी ब्रश मारायचा. जाळीतून पलीकडचा उजेड दिसला पायजे. उजेड दिसला नाय तर हा असून नसल्यासारखा."

पहिल्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत तेल निववत राहिलो. कुशाबांनी टाकीवर तळहात ठेवला आणि ओरडले, "गार हाय रे!" त्या दिवशी कोणी जांभळाखाली बसलं नाही. बायका कौतुकाने मला बघून गेल्या. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. भंगारातल्या त्या शेजाऱ्याने मला आता पाहावं, असं मनात येऊन गेलं.

रूपाली रोज संध्याकाळी मला ब्रश मारायची. चेपलेल्या कोपऱ्यात ब्रश टोचायचा. ती कधी कंटाळली नाही, मीच कंटाळायचो. रोज रोज काय हे खरवडणं, असं मला वाटायचं. ही माझी पहिली चूक, मित्रांनो. आपली काळजी घेणारा हात टोचतो म्हणून तो नकोसा वाटावा, इतका मी शेफारलो होतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, नांगर, विळे, सगळ्या हत्यारांची पूजा होते. ट्रॅक्टर धुऊन देवळापुढे उभा केला. पूजेचा मान कुशाबांचा. ताम्हण घेऊन ते आले, चाकांना टिळे लावले, बकेटला लावले, आणि माझ्यापाशी येऊन थबकले.

"हा आमचा नवा पाव्हणा," ते म्हणाले. "ह्याच्यामुळं आमचं काम चाललंय. ह्याला हातभर हळद लावू."

आणि त्यांनी पाचही बोटं हळदीत बुडवून माझ्या जाळीवर वरपासून खालपर्यंत ओढली. एकदा नाही, तीनदा. वर कुंकू, कुंकवावर अक्षता, आणि सगळ्यावर झेंडूची घसघशीत माळ. हळद त्यांनी पाण्यात कालवली नव्हती. परतीच्या पावसाचा भरवसा नाही, सरीने वाहून जाते, म्हणून तेलात कालवली होती. कुशाबांची ही खास युक्ती, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

माझ्या जन्मात कोणी मला हळद लावली नव्हती. माझ्या फटी बुजत होत्या हे मला कळत होतं का? होतं. वारा अडल्यावर मला नाही कळणार तर कुणाला? पण इतक्या माणसांसमोर, घंटा वाजत असताना, मला वाटलं की आता आपण नुसता कूलर राहिलो नाही, कोणीतरी झालो. मी फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी रूपालीने माळ काढली, कारण पंख्याने तिच्या पाकळ्या ओढून माझ्या फटींत कोंबल्या होत्या. ती ब्रश घेऊन बसणार, इतक्यात कुशाबा आले.

"गो रूपाली, काय करतेस? खंडेनवमीची हळद कोजागिरीपातूर पुसायची नाय. आपल्या घराची रीत हाय."

"आबा, जाळी बुजलेय. वारा कसा जाईल?"

"चार दिवसांनी काय व्हतंय? देवाचं हाय ते. हात लावू नको."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं, ब्रश परत डब्यात ठेवला. आणि मी? मला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला. चार दिवस तो ब्रश नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी वाटेवरच्या ओहोळात सिमेंटचा पाईप टाकायचा होता. तो पडला की वाडीपर्यंत रिक्षा येणार होती. सकाळपासून दरडीची माती उपसणं चाललं होतं. ऊन असं की माती पिठासारखी उडत होती. ती उडालेली माती माझ्यावरच्या तेलातल्या हळदीला येऊन चिकटायची, थरावर थर. पंखा गरगर फिरत होता, पण माझ्यातून वाऱ्याची झुळूकही जात नव्हती. तेल माझ्याकडे तापलेलं यायचं आणि तसंच तापलेलं परत जायचं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत उशीर झाला होता.

बाराच्या सुमाराला रूपालीने इंजीन हळू केलं. "आबा, तेलाचा वास येतोय. अर्धा तास थांबूया."

कुशाबा पुढे उभे राहून हाताने खुणा करत होते. भोवती आठ-दहा माणसं होती. कामाला आलेल्यांना पाणी द्यायला बनुबाई हंडा घेऊन आली होती, तीही उभी होती. "पंखा फिरतोय ना?" कुशाबा म्हणाले. "मग? एवढा पाईप बसव, मंग जेवायलाच जाऊ."

"मग जाळी तरी साफ करू द्या."

"एकदा सांगितलं ना, कोजागिरीपातूर नाय! माणसं खोळंबलीत, उचल."

चार माणसांसमोर सासऱ्याशी किती वाद घालायचा? बनुबाई रिकामा हंडा भरायला खाली पाण्याच्या टाकीवर गेली. रूपालीने पाईपला साखळी लावून घेतली आणि तो बकेटने उचलला. पाईप कमरेएवढा वर आला, थोडा डुलला, आणि बकेट आपोआप खाली येऊ लागली. रूपालीने लिव्हर ओढला. पुन्हा ओढला. तेल ताकासारखं पातळ झालेलं, त्यात जोर कुठला? पाईपचं एक टोक उतारावर टेकलं, साखळी सुटली आणि पाईप गडगडत खाली गेला.

खाली वाडीची पाण्याची टाकी होती. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळाने त्या टाकीत येतं आणि साऱ्या वाडीला पुरतं. बनुबाई हंडा डोक्यावर घेऊन नुकतीच चार पावलं बाजूला झाली होती. पाईप टाकीवर आदळला, टाकीची एक भिंत कोसळली आणि सगळं पाणी शेतात गेलं. बनुबाई तिथेच मटकन बसली. तिला खरचटलंही नव्हतं.

कुणी काही बोलायच्या आधी कुशाबा ओरडले, "येळेवर लिव्हर वढला नाय तिनं! मी उचल उचल म्हणतोय, तिचं ध्यान कुठं हाय!"

मग बाकीच्यांना बोलायला मोकळीक मिळाली. बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने तर, आपण आधीच सांगितलं होतं, असं सांगितलं, आणि ते खोटं होतं. रूपाली सीटवरून उतरली. तिने पंखा आणि इंजीन बंद केलं, चावी पदराला बांधली आणि खाली जाऊन बनुबाईला हाताला धरून उठवलं.

मित्रांनो, माझ्यावरून सगळ्यांच्या नजरा गेल्या. पिवळा, लाल, पाकळ्या चिकटलेला, पूजा झालेला मी. माझ्यावर कोणाला संशय येणार?

ट्रॅक्टर दोघा-तिघांनी ढकलत आणून सहाणेशेजारी उभा केला. सहाण म्हणजे देवळापुढचा तो चौथरा, शिमग्यात जिथे पालखी बसते. रविवारी मुंबईची माणसं आली की गावकी बसणार होती. मधल्या दिवसांत बायका सकाळ-संध्याकाळ खालच्या वहाळावरून पाणी आणत. चढ उभा, वाट निसरडी. रूपालीही त्यांच्यात असायची, रांगेत सगळ्यांच्या मागे. पुढच्या बायका बोलत असायच्या, तिच्या आसपास कोणी बोलत नसे. माझ्यासमोरून ती दिवसातून चारदा जायची आणि एकदाही माझ्याकडे बघायची नाही. मी तिच्याकडे बघायचो.

कोजागिरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा बादली, साबण आणि ब्रश घेऊन एकटेच आले. हळद उतरवायची, रीत पूर्ण करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी माझ्यावर पाणी मारलं. पाणी जाळीतून पलीकडे न जाता पुढूनच ओघळलं. त्यांनी डोळा लावून पाहिलं. मग मागे येऊन पाहिलं. उजेड नव्हता.

ते तिथेच उकिडवे बसले आणि खरवडायला लागले. आधी ब्रशने, मग काडीने, मग नखांनी. हळदीची, कुंकवाची आणि मातीची घट्ट ढेपळं निघत होती, आत कुजलेल्या पाकळ्या. बऱ्याच वेळाने माझ्यातून सकाळचं ऊन पलीकडे पडलं. कुशाबांनी ते जमिनीवरचं ऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना सगळं कळलं होतं. लिव्हर वेळेवरच ओढला होता.

इकडेतिकडे बघत त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तू बोलू नको हां कुनाला."

निर्जीव वस्तूला गप्प राहायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला हसू येईल. मला रडू येत होतं. कुशाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळी घाण गोळा केली, पिवळं पाणी बादलीने लांब नेऊन ओतलं आणि रिकामी बादली घेऊन मान खाली घालून घरी गेले. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकाच गुन्ह्यातले सोबती झालो.

रविवारी सकाळी गावकी बसली. सहाणेवर वयस्कर माणसं, खाली बाकीची, एका कडेला बायका. गावकीचे म्होरके मालोजी. त्यांनी फार लांबण लावली नाही. टाकी सगळे मिळून श्रमदानाने बांधतील, पण ट्रॅक्टर आता दीपेशकडे द्यावा, असं म्हणाले. दीपेश मुंबईत टेम्पो चालवायचा, गणपतीनंतर वाडीतच राहिला होता. पोरगा सरळ. "मना बकेटचं ठाऊक नाय, शिकायला लागंल," असं तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला.

मालोजींनी विचारलं, "रूपाली, तुझं काय म्हणनं हाय?"

आता ती सांगेल, असं मला वाटलं. मी थांबूया म्हणत होते, जाळी साफ करू द्या म्हणत होते, आबांनी नको म्हटलं. एवढी तीन वाक्यं. रूपालीने सासऱ्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. "लिव्हर माझ्या हातात व्हता," ती म्हणाली. "दुसरं काय सांगू?" तिने पदराच्या गाठीतून ट्रॅक्टरची चावी काढली, पुढे येऊन सहाणेवर ठेवली आणि मागे वळली.

दीपेशने चावीकडे हात नेला.

"हात लावू नको रे," कुशाबा उठून उभे राहिले. "चूक माजी हाय. कूलरची जाळी हळदीनं बुजली व्हती. ती साफ करतो म्हनाली, मी करू दिली नाय. ती थांबूया म्हनाली, मी थांबू दिलं नाय. आनि पाईप सुटल्यावर समद्यांच्या आधी मीच तिच्या नावानं बोंबललो."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा सुनेला वाचवतोय. हळदीनं कुठं तेल तापतं?"

मालोजींनी विचारलं, "पुरावा काय, कुशाबा?"

"पुरावा मीच धुऊन टाकला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. कुनी बघू नये म्हनून."

"मग तवाच का नाय बोललास?"

"लाज वाटली."

"आनि आता नाय वाटत?"

कुशाबांनी चावीकडे बोट केलं. "तिनं ती गुमान तिथं ठेवली, तवा जास्त वाटली."

तेवढ्यात बायकांतून बनुबाई उठली. "मी ऐकलं व्हतं," ती म्हणाली. "पानी द्यायला गेले तवा. थांबूया म्हनाली, जाळी साफ करू द्या म्हनाली पोरगी. मी मरता मरता वाचले आनि तरी आठ दिवस गप ऱ्हायले. पुरुषांच्या बोलन्यात कुठं पडा म्हनून." आणि ती रूपालीकडे न बघताच खाली बसली. त्या दिवशी पाईपभोवती जी आठ-दहा माणसं उभी होती, ती आता एकमेकांकडे बघायची टाळत होती. त्यांचेही कान शाबूत होते ना.

मालोजी म्हणाले, "चावी उचल, पोरी."

रूपालीने लगेच उचलली नाही. "एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "तेल तापलं असं मी म्हटलं की मशीन थांबंल. पुढं कोन पन उभा असू दे."

मालोजींनी कुशाबांकडे पाहिलं.

"थांबंल," कुशाबा म्हणाले.

तेव्हा तिने चावी उचलली.

आता ओहोळात पाईप बसला, टाकी उभी राहिली, वाटेवरून रिक्षा येते. रूपाली रोज संध्याकाळी मला ब्रश मारते. चेपलेल्या कोपऱ्यात अजून टोचतं, पण मी तक्रार करत नाही. कधीकधी कुशाबाच ब्रश घेऊन बसतात. आम्ही दोघे तेव्हा फारसे एकमेकांकडे बघत नाही.

मित्रांनो, पूजा जरूर करा, हळद-कुंकू जरूर वाहा, पण जाळी, फट, भोक यांवर नको. पत्र्यावर एक बोट पुष्कळ झालं. यंत्राचा श्वास मोकळा ठेवला म्हणजे त्याचा मान राखला. हे मी तुम्हाला विनवून सांगतो.

आणि आणखी एक, जे सांगायला मला सगळ्यात जड जातं. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिलो, हे खरं आहे. पण जाळी बुजत होती तेव्हा मी सुखात होतो, आणि दोष दुसऱ्यावर गेला तेव्हा, क्षणभर का होईना, मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे. त्याचीच लाज वाटते. तुम्हाला तर तोंड आहे. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर चाललेली दिसली, तर कोणी चावी खाली ठेवायची वाट बघू नका.